सातच्या कमरेची रेघ

डोरिंगपानला दोन दफनभूमी आहेत, दोन पेट्रोलपंप,
आणि मक्याची कोठारं चार. उंच, पांढरी,
गावाच्या दोन्ही बाजूंनी सारखीच दिसणारी.
एवढंच काय ते सामाईक.

मधून रूळ जातात. गाडी कधीच बंद झाली,
तरी ओलांडताना माणसं अजून दोन्हीकडं बघतात.

मी अलीकडची.
रेकॉर्डर घेऊन पलीकडं गेले तेव्हा
पुसेलेत्सोनं खुर्ची पुसून दिली, चहा दिला,
आणि बशीशेजारी घडी घातलेला कागद ठेवला:
त्सेको मोफुबेलू, वय एकोणीस. कोठार क्रमांक तीन.
मक्यात बुडून गुदमरला. दोष कुणाचाही नाही.

शेवटचा पूर्णविराम इतका जोरात हाणलेला
की कागदाला भोक पडलंय.
तिच्या आईनं मरेपर्यंत त्या भोकातून पाहिलं.

त्सेको म्हणजे तंटा, ती म्हणाली.
तो जन्मला तेव्हा घरात जमिनीवरून भांडण चालू होतं.
मी पुसेलेत्सो, म्हणजे भरपाई.
तो गेल्यावर चार महिन्यांनी आले.
मी त्याला पाहिलेलं नाही. तुम्ही पाहिलंय?

पाहिलं असेल.
आमच्या बागेला पाणी घालायला एक मुलगा यायचा.
आम्ही त्याला जॉनी म्हणायचो.
आधीच्यालाही जॉनीच म्हणायचो.

मग मी अलीकडं दारं ठोठावत फिरले.
फौजदार स्वानेपूल कुत्र्याचे कान चोळत म्हणाला,
खपली कशाला काढतेस, पोरी?
डॉक्टरच्या विधवेनं जाम टोस्ट दिला,
आणि फाटकापर्यंत सोडायला आली तेव्हा हळूच म्हणाली,
त्या रात्री तो जेवला नव्हता. मला एवढंच ठाऊक.

सहकारी संस्थेच्या तळघरात उंदीर, खतांच्या पावत्या,
आणि वजनकाट्याची जुनी रजिस्टरं, दोरीनं बांधलेली.
मार्चची नऊ तारीख: तीन नंबर रिकामं. झाडून घेतलं.
पुढचा मका सत्तावीसला, सत्तर पोती.
मधल्या रकान्यांत नुसत्या आडव्या रेघा.

त्सेको सतरा तारखेला सापडला.

रिकाम्या कोठारात कुणी मक्यात बुडत नाही,
हे कळायला मला पत्रकार असायची गरज नव्हती.
मी अडकले ती दुसऱ्याच ठिकाणी:
प्रत्येक सातच्या कमरेला आडवी रेघ,
रेघेच्या टोकाला बारीक गाठ.
माझ्या गणिताच्या वहीत तांबड्या शाईत
हेच सात असायचे.

बाबा बावीस वर्षं नंतर जगले.
दर रविवारी प्रार्थनेला जायचे, बूट चमकवून.
त्यांनी खोटं लिहिलं नाही.
त्यांना कुणी विचारलं नाही,
आणि न विचारता सांगणं
आमच्या घरात उद्धटपणा समजत.

मी पान तिथंच ठेवून येऊ शकले असते.
तळघरात अर्धा तास बसले, हे कबूल करते.
एकदा तर दोरी पुन्हा बांधलीही.

पुसेलेत्सोनं चष्मा लावला.
रकाने बोटानं वाचत गेली, नऊपासून सत्तावीसपर्यंत,
आणि परत उलटी, सतरापर्यंत.
बराच वेळ बोट तिथंच होतं.
बाहेर कुणीतरी पत्र्यावर बादली आपटली.

हे अक्षर कुणाचं, तिनं विचारलं,
आणि रेकॉर्डर माझ्या बाजूला सरकवला.