छटाक

मगदूम आण्णांनी तिला तळहातावर तोललं,
म्हणाले, "अदपाव उतरलीया."
बिरनाळे डॉक्टरांचा काटा म्हणाला, एकशे पंधरा ग्रॅम.
शेर-छटाक बाद होऊन साठ वर्षं झाली,
पण सांगलीच्या यार्डात हळदीची तोलाई केलेल्या हातात
बापाची मापं अजून पडून आहेत,
रिकाम्या पोत्याच्या तळाशी भुकटी राहते तशी.

मांजरीचं नाव भडंग. वय तेरा.
ताटातलं, कपातलं, शेजारच्यांच्या पातेल्यातलं
सगळं खायची आणि वाळायची.
रात्री दोनला अंगणात ओरडत उभी,
कुणीतरी तिचं देणं बुडवल्यासारखी.
छातीला बोट लावलं तर ठोके सुटे लागत नसत.

रक्ताचा कागद म्हणाला, थायरॉइड.
सोनोग्राफीत डावीकडे गाठ, वालाएवढी.
"काढून टाकू," बिरनाळे म्हणाले,
"पण एकच आहे का ते आधी कळू दे."
ते कळवणारा कॅमेरा मिरजेत, आमच्या तळघरात,
माणसांसाठी.

मॅडमनी फाइलमधून मान वर न काढता विचारलं, "पेशंटचं नाव?"
"भडंग."
थोडा वेळ पंखाच फिरत राहिला.
"वजन नीट लिही," म्हणाल्या, "शेवटच्या पेशंटनंतर घे."

शनिवारी संध्याकाळी सहा वाजता मी सुई टोचली.
माणसाच्या टेबलावर ती स्वल्पविरामाएवढी.
पडद्यावर आधी काहीच नसतं.
मग ठिपके पडू लागतात, चाळणीतून गळावेत तसे.
लाळेच्या गाठी उगवल्या, फिकट.
धड थायरॉइड साधारण त्यांच्याइतकाच उजळतो.
हिची डावी गाठ पेटलेली.
उजवी दिसेचना.
"मेली का ती?" आण्णांनी काचेमागून विचारलं.
झोपलीय, म्हटलं. एकीनंच सगळं काम ओढलं
की दुसरी हातपाय गोळा करून बसते.
"म्हंजे आमच्या थोरल्यागत," आण्णा म्हणाले.

मग खाली, छातीत, काळजाच्या अलीकडे
आणखी एक ठिपका.
जिथं बोट पोचत नाही,
सोनोग्राफीला फासळी आडवी येते.
मी केसांवर औषध सांडलंय का पाहिलं,
अंग पुसलं, खालचा कागद बदलला, पुन्हा घेतलं.
होता.

फोनवर बिरनाळे गप्प झाले. नंतर म्हणाले,
"बरं झालं. नाहीतर गळा कापून
निम्मंच काढलं असतं. आता गोळ्या."

टोपली उचलताना आण्णांना सांगितलं,
उद्या संध्याकाळपर्यंत मांडीवर घ्यायची नाही.
"का?"
तिच्यात किरण आहेत. दर सहा तासांनी निम्मे होतात.
आण्णांनी अंगठा पेरांवर फिरवला:
"आत्ता शेर.
मध्यान्रातीला अर्धा. सकाळी पाव.
दुपारी अदपाव.
उद्या ह्या टायमाला छटाक."
एवढ्यासाठी मी कॉलेजात
दोन वर्षं लॉगची टेबलं घेऊन हिंडले होते.

रविवारी साडेपाचला फोन आला.
"मांजार दारावर नखं मारतंय," आण्णा म्हणाले.
"छटाक झाली नसंल अजून?"
अर्धा तास आहे, आण्णा.
"हां."
मागं ती ओरडत होती, तोच रात्री दोनचा सूर.
आण्णांनी फोन ठेवला नाही.
मीही नाही.