टिटवीचं फूल

मे महिन्यात मी गवत कापलं.
सरळ, पट्ट्यापट्ट्यांनी,
चाळीस वर्षं फेरीबोटीचं इंजिन सांभाळलेल्या माणसाला
शोभेल असं.
चित्स्के चरावरची फळी ओलांडून आली,
हातात एक पान, पिवळट, अर्धं छाटलेलं,
आणि म्हणाली, फोल्कर्ट,
तू त्यांच्या तोंडचा घास काढून घेतलास.

मला काही कळेना.
फुलं तर केव्हाच झडली होती.
उरला होता नुसता पाला,
विंचरायचं राहून गेलेल्या केसांसारखा,
बघवत नव्हता.
तेच तर, ती म्हणाली.
फूल म्हणजे मिरवणूक. पोट भरतात ती पानं.
सहा आठवडे कुरूप दिसू द्यायचं त्यांना.
मग माझ्या न केलेल्या दाढीकडे पाहून
गप्प बसली.

जून, जुलै: काहीच नाही.
तिची बाग म्हणजे मोकळी माती,
तीत रोवलेल्या आइस्क्रीमच्या काड्या,
काड्यांवर पेन्सिलीने नावं, पावसाने निम्मी पुसलेली.
पाहुणे विचारायचे, बाग कुठाय?
ती पायाखाली बोट दाखवायची.
लोक पटकन पाय उचलायचे.

सप्टेंबरात मात्र नवलच उगवलं:
जांभळट फुलं, अंगावर पान नाही एकही,
थेट मातीतून, उघडीवाघडी.
पानं म्हणे एप्रिलातच येऊन गेली.
एकाच कंदाची दोघं,
पण गाठ कधी पडत नाही.
माझी बायको रात्रपाळीची नर्स होती,
मी पहाटेच्या बोटीवर.
मी काही बोललो नाही.

ऑक्टोबरात चित्स्केने माझ्या हाती खुरपं दिलं.
कंदाच्या उंचीच्या तिप्पट खोल. नाक वर.
नाक कुठलं ते कळेना तर आडवा ठेव,
तो आपला आपण वळतो.
पाचशे कंद. गुडघे बोलायला लागले.
समुद्राने सोडून दिलेली ती चिकणमाती
नखांत बसली, नाताळपर्यंत निघाली नाही.
उंदरांचं काय, मी विचारलं.
त्यांचा वाटा धरलाय, ती म्हणाली.

चर गोठला.
बगळा त्याच्यावर उभा, वसुलीला आलेल्या माणसासारखा.
चारनंतर अंधार.
जानेवारीत चित्स्के घसरली, खुबा मोडला,
लीवार्डनला नेलं तिला,
आणि बाग माझ्या अंगावर पडली.
म्हणजे बघत राहायचं, दुसरं काय.

मी वही केली, बोटीवर ठेवायचो तशी.
९ फेब्रुवारी. वारा ईशान्य, बोचरा.
सफरचंदाखाली पांढरं काहीतरी. बर्फ समजलो. बर्फ नव्हे.
३ मार्च. क्रोकस सतरा.
चिमण्यांनी पिवळे तेवढेच फाडले.
२२ मार्च. नार्सिसस, सगळ्यांची तोंडं आग्नेयेला.
कारण ठाऊक नाही.
रात्री फोनवर वाचून दाखवायचो.
ती विचारायची, अजून?
अजून काही नाही.

१७ एप्रिल.
माझ्या बाजूला, चराच्या अलीकडे,
जिथे मी कधी काही लावलं नाही
त्या माझ्या सरळ गवताच्या मधोमध
मान खाली घातलेलं एक फूल.
अंगावर जांभळ्या-पांढऱ्या चौकड्या,
एका केसाच्या कुंचल्याने आखल्यागत.
इथे त्याला टिटवीचं फूल म्हणतात,
टिटवीच्या अंड्यासारखं म्हणून, असं चित्स्के सांगते.
उंदराने आणलं असणार,
तोंडात धरून, बर्फावरून चर ओलांडून,
आणि मग विसरला असणार.

मी फोन केला.
पलीकडे बराच वेळ शांतता.
मग म्हणाली, आता कुणाचं म्हणायचं ते?
मी म्हटलं, उंदराचं.

पुन्हा मे.
जावई मशीनमध्ये पेट्रोल भरून उभा.
गवत पोटरीपर्यंत आलंय.
मी त्याला कॉफी दिली,
मग खुर्ची.
बस म्हटलं. अजून चार आठवडे.
चित्स्के काठी टेकत फळीवरून येतेय,
फळी हलतेय,
आणि पानं पिवळी पडताहेत
सावकाश,
जेवता जेवता.