वीजघर

दिघे बाईंनी फळ्यावर लिहिलं होतं :
तंतुकणिका म्हणजे पेशीचं ______.
एक गुण.
मी 'वीजघर' लिहिलं आणि पुढे वीस वर्षं
त्या रिकाम्या जागेत दुसरं काही ठेवलं नाही.

फत्तेगंजच्या प्रयोगशाळेत रात्रीचा दीड.
बशीतल्या पेशींचा श्वास
परवापासून मीच कोंडून ठेवलाय, एका विषाच्या थेंबाने.
साखर आहे त्यांच्यापुढे, हवी तेवढी.
ती कुटून कुटून त्या विजेचं भागवतात,
घरात उजेड आहे म्हणा ना,
पण एकीच्या दोन होत नाहीत.
भिंगाखाली नुसत्या बसून,
बस बंद पडलेल्या वऱ्हाडासारख्या.

मग ॲस्पार्टेट घातलं.
साधं अमिनो आम्ल, पांढरी पूड,
बाटलीवर भीखाभाईंच्या हातचं तिरकं लेबल.
वीज दिली नाही. श्वासही सोडवला नाही.
फक्त जे श्वास चालू असता
त्यांनी आतल्या आत घडवलंच असतं,
ते बाहेरून, जरा जास्तच, ओतलं.

बाबा मकरपुऱ्याच्या सबस्टेशनात होते.
दिवे गेले की सगळी गल्ली आमच्या दारात :
"भाऊ, क्यारे आवशे?"
जणू खिशातच घेऊन फिरतात.
पाळीवरून येताना डब्यात
टाकून दिलेल्या तारेचे तुकडे असत.
त्यातून गाळणीचा कडा,
आईच्या चष्म्याची काडी,
माझ्या कंपासपेटीची बिजागरी,
आणि एकदा शेजारच्या कबुतराच्या पायाला आधार.
कुणी विचारलं तर आम्ही सांगायचो,
बाबा विजेत आहेत.

सकाळी मोजल्या.
बेचाळीसच्या एकाहत्तर.
दोनदा मोजल्या.

दांडिया बाजारात पोचले तेव्हा ते गच्चीवर
पंख्याचं काहीतरी उघडून बसले होते.
सांगितलं सगळं. की श्वास नुसता उजेडासाठी नसतो,
साचलेले इलेक्ट्रॉन तो वाहून नेतो,
तेव्हा कुठे आतल्यांचे हात मोकळे होतात,
आणि मोकळ्या हातांनी ते हे घडवतात.
बाबांनी स्क्रू तोंडातून काढला.
"आणि भंगार कुठून आणतात?"
भंगार नाही, म्हटलं. चालू चाकातूनच
एक तुकडा काढून घेतात.
"मग चाक अडत नाही?"

इतक्या काळजीने हा प्रश्न
मला कुठल्याच परिषदेत कुणी विचारलेला नाही.