लामाराच्या पुड्या

कुतैसीत त्या हिवाळ्यात वीज यायची दिवसाआड तासभर.
विद्यापीठाच्या दाराला साखळी,
ग्रंथालयातली टेबलं कुणाकुणाच्या शेगडीत गेलेली.
खातुना तेव्हा एकोणीस वर्षांची.
अमूर्त बीजगणिताचे दोनच तास झाले होते,
तिसऱ्याला शिकवायला कुणी आलंच नाही.

पुलाच्या तोंडाशी लामारा बसायची,
अंगात नवऱ्याचा ओव्हरकोट, पायाशी निखाऱ्यांचं घमेलं,
गोणीत भाजलेल्या सूर्यफुलाच्या बिया.
काचेच्या पेल्याने माप. कागद अंगठ्याभोवती वळवायचा,
बूड दुमडायचं, झाली पुडी.

बिया संपल्यावर खातुनाने पुडी उलगडली.
सवय, दुसरं काय;
घरात औषधांच्या चिठ्ठ्यांखेरीज वाचायला काही उरलं नव्हतं.
पान एकशे बारा.
तिसरी कार्बन-प्रत, फिकट,
टंकयंत्रात नसलेली चिन्हं जांभळ्या शाईने हाताने भरलेली,
मधोमध तेलाचा डाग,
आणि डागाच्या काठावर:
"म्हणून हा उपगट प्रसामान्य आहे."

म्हणून?
कशावरून म्हणून?

दुसऱ्या दिवशी ती परत गेली. तिसऱ्याही.
भावाचे बर्फात घालायचे बूट विकले,
आईला सांगितलं, त्याला लहान होत होते.
एकशे आठ. एकशे एकतीस. नव्वद.
थप्पी एकदा वाऱ्याने कोसळली होती
ती लामाराने पुन्हा लावलीच नव्हती.
व्यस्त कळला, पण कशाचा व्यस्त ते नाही.
अविकारक घटक भेटला
जसा सोयऱ्यांत एखादा काका भेटतो,
सगळे ओळखतात, नाव कुणी सांगत नाही.
पलंगाखाली बिया साठल्या, उंदीर आले,
मग शेजारची मांजर राहायलाच आली.

मला हे तिने पुष्कळ वर्षांनी सांगितलं, तिच्या स्वयंपाकघरात.
मी म्हटलं, आमच्या भाषेत या विषयाच्या नावातच बी आहे.
ती हसली नाही.
"मग तुमच्याकडे पुड्या कशाच्या बांधतात?"
रद्दीच्या, म्हटलं.
"तेच," ती म्हणाली, आणि चहा ओतला.

तर जानेवारीत कधीतरी लामाराने तिचा हात धरला.
"बोटं काळी नाहीत तुझी. तू बिया खात नाहीस."
खातुनाने खरं ते सांगितलं.
म्हातारी बराच वेळ निखारे ढवळत राहिली.
"वालेरियानचे कागद आहेत. वरून सुरुवात केली मी.
पहिली साठेक पानं ऑक्टोबरातच गेली."

गेली म्हणजे गावात गेली.
एक चांभाराकडे सापडलं, त्यावर कुणाच्या टाचेचं माप.
एक न्हाव्याच्या खिडकीच्या फटीत कोंबलेलं;
तो म्हणाला, काढू नकोस, वारा येतो.
मग दिसणारं अर्धं तिने उभ्याउभ्या उतरवून घेतलं,
न दिसणारं रात्री मेणबत्तीशी स्वतः सिद्ध केलं,
चुकलं, पुन्हा केलं,
मेणबत्ती संपली, डोक्यात केलं.
पाचवं पान मिळालं, दुसरं मिळालं.
पहिलं कुठेच नाही.

"पहिलं कशाला हवं," लामारा म्हणाली,
"ते तर तो दाढी करताना म्हणायचा.
सव्वीस वर्षं, दर सप्टेंबरात, न्हाणीघराच्या दाराआडून.
अर्थ मात्र मला विचारू नकोस."
तिने डोळे मिटले. घसा खाकरला, पुरुषासारखा.

"एक संच घ्या.
रिकामा नको."

मग पेलाभर बिया मापल्या,
इकडेतिकडे पाहिलं,
कागद उरला नव्हता,
तशाच खातुनाच्या कोटाच्या खिशात ओतल्या.