सुकती

कागदावर सहा तोंडं छापलेली आहेत,
पहिलं हसरं, शेवटचं रडकं.
मुलाने बोट ठेवायचं, आपण आकडा लिहायचा.
भार्गव तांडेल, वय सात,
अपेंडिक्स पोटातच फुटलेलं, ऑपरेशननंतरचा दुसरा दिवस,
त्या सहाही तोंडांकडे असा बघतो
जसे कुणी शिळे बांगडे पुढ्यात ओतलेत.
बोट ठेवत नाही.

मी स्टूल ओढून बसते.
उभ्या माणसाला आजारी मूल उत्तर देत नाही.
"बाबू, पोटात आता भरती काय सुकती?"

तेव्हा तो पहिल्यांदा माझ्याकडे बघतो.
"भरती."
मग जरा विचार करून,
"पण लाटो मोठ्यो नाय."

तेव्हापासून चार्टवर आकड्याच्या बाजूला
बारीक अक्षरात मी लिहीत गेले:
भरती. अर्धी भरती. पाणी थांबलेलं.
राउंडला डॉक्टर सामंतांनी चष्मा वर केला,
हे काय, सिस्टर?
म्हटलं, वेंगुर्ल्याचं हवामान.

त्याची आई जयवंती कॉटपासून हातभर लांब उभी.
दोन दिवस नुसत्या चहावर.
मासळी बाजारातून तशीच धावत आलेली,
टोपली कुणाच्या तरी हवाली करून.
"वास जायना हातांचो," ती म्हणाली,
"बाळाक हात लावलंय तर चलात?"
मी तिला बेसिनपाशी नेलं, कोपरापर्यंत साबण लावला,
नखं कापली, परत साबण.
वास थोडा राहिलाच.
तो राहावा असंच मला वाटत होतं.

मग तिला उशी धरायला शिकवली:
पोरगा खोकणार असला की पोटावर अशी दाबून,
वाळूत ओढलेल्या होडीला टेकू देतात ना, तशी.
हे तिला एकदाच सांगावं लागलं.
तिच्या हाताखाली तो खोकला,
रडला, पुन्हा खोकला,
आणि तिच्या मनगटाला नाक लावून झोपला.

आठ नंबरवर नाझनीन होडेकर, ओठ नुकता शिवलेला,
सारखा आरसा मागते.
उद्या, म्हणते मी. काल पण उद्याच म्हटलं होतं.
माझ्याकडून सगळंच नीट होतं असं नाही.

रात्री अडीच.
जयवंतीला मी जवळजवळ दटावून चटईवर निजवलेलं.
बाहेर सुरूच्या झाडांत वारा, बंदरावर एखादं इंजिन.
"भार्गव, भरती काय सुकती?"
"सुकती."
फार पटकन.
चादरीच्या टोकाला बघितलं,
पायाची बोटं आत वळलेली,
बिळात शिरणाऱ्या कुर्लीसारखी.

मी वाकले. "खरा सांग."
तो माझ्या कानात, श्वासाने म्हणाला,
"भरती म्हटलंय तर आये उठात."

यावर काय बोलायचं.
औषध सलाइनमधून सोडलं, टॉर्च पदराखाली धरून,
त्याची पावलं दोन्ही तळव्यांत घेतली
आणि त्याला सांगितलं, भरती हळू आवाजातही सांगता येते,
सिस्टरचे कान त्यासाठीच असतात.
वीस मिनिटं गेली असतील.
एकेक बोट सुटत गेलं.
चार्टवर लिहिलं: सुकती. खरी.

दुसऱ्या दिवशी अख्खा वॉर्ड एकाच गोष्टीची वाट बघत होता.
आतडी जागी झाल्याची खूण मिळेपर्यंत
घोटभर पाण्यापलीकडे काही नाही.
पाच नंबरचा आजोबा दर तासाला विचारी,
सुटलो काय?
नाझनीन न हसता, टाके सांभाळत, कान लावून बसलेली.

पावणेचारला भार्गव कॉटवरून ओरडला,
नाखवा डोलकाठीवरून ओरडेल तसा:
"सिस्टर! वारो सुटलो!"

टाळ्या. आजोबाने काठी आपटली.
जयवंती हसायला लागली, आणि थांबेचना,
पदर तोंडात कोंबून खाली बसली.

नियमाप्रमाणे मी लिहिलं: गॅस पास झाला.
स्वयंपाकघरातून पेज मागवली, वरचं पाणी आधी, चमच्याने,
दोन चमचे, थांब, अजून दोन.
वाट्या मात्र दोन आणवल्या होत्या.
दुसरी, लोणच्याची फोड घालून, तिच्या हातात दिली.
तिच्या नावाचा चार्ट नाही,
म्हणून कुठे नोंद झाली नाही
की पेज सगळी संपली.