पहिले पातळ होता

दुकानाचं टार्गेट पूर्ण झालं, म्हणून कंपनीनं आम्हाला बालीला नेलं.
बाया विचारत होत्या, बाली म्हणजे कानातली का,
की सुग्रीवाचा भाऊ?
मी म्हटलं, बेट. भोवताल पाणी, मधात डोंगर,
डोंगराच्या पोटात इस्तो.
"अन् तुम्ही तिथं झोपाले जाता?" कुसुमकाकू म्हणाल्या.

त्रेचाळीस जोडपी. वाशीम, दिग्रस, दारव्हा, पुसद.
सगळ्यांच्या बॅगेत तेच : जवसाची चटणी,
फडक्यात बांधलेली लोणच्याची बरणी.
रिसॉर्टवाल्यानं मनगटाला निळी पट्टी बांधली,
दवाखान्यात नव्या बाळाला बांधतात तशी.
ही असली की जेवण फुकट.
यांनी ती गावात आल्यावरही आठ दिवस काढली नाही,
गल्ल्यावर बसून पोत्यांचा हिशेब करताना
बाहीतून दिसेल अशी ठेवली.

पत्रकात वाळू पांढरी होती.
खरी काळी निघाली.
बाकीच्या हिरमुसल्या, फोटो चांगले येणार नाहीत म्हणून.
मी चप्पल काढली
आणि पाय ओळखीनं भाजले,
चैतात बारा वाजता वावरात भाजतात, तसेच.

समुद्रात मी गुडघ्यापर्यंत गेले. सलवार भिजून जड झाली.
हे तेवढेही नाही.
पोलिसाला न भिणारा हा माणूस
लाट आली की मागं सरायचा,
आणि ती परत फिरली की तिला वऱ्हाडीत दम द्यायचा.
मग बॅनर धरून सगळ्यांचा फोटो.
बॅनरवर डबा, डब्यावर करपलेलं तण.

रात्री एसी बंद केला तरी आवाज थांबेना.
दूर कुणाच्या तरी खळ्यात थ्रेशर चालू आहे
आणि मालक झोपून गेलाय,
असं वाटत राहिलं.

पहाटे डोंगर दिसला. टोकाशी धूर,
चहापुरती चूल पेटवावी एवढाच.
खाली कोमांग नावाचा पोरगा
फरशीच्या फटीतलं गवत हातानं उपटत होता.
एकेक. मुळासकट.
खुणांनीच सांगितलं त्यानं :
डोंगर ओकला की राख पडते, पीक जातं.
हात आडवा केला.
मग थांबला. मग पुढच्या वर्षांचं पीक दाखवायला
तोच हात डोक्याच्या वर नेला.

मला शेख रहमू आठवला, आमची विहीर खणणारा.
तीस फुटांवर काळा गोटा लागला, सुरुंग लावला,
तर आतून पांढऱ्या गारगोट्या हसल्या.
मी लग्न होऊन नवी. तो तळातून ओरडला,
"वहिनी, हा गोटा पहिले पातळ होता!
पिठल्यावानी. बुडबुडे पाहा त्याचे!"
सासरे म्हणाले, रहमू, उन्हात डोक्याले बांधत जाय काही.

मूठभर वाळू मी कुंकवाच्या डबीत आणली.
विमानतळावर कुत्रं हुंगत आलं,
तेव्हा डबी पदराआड धरली, माहेरच्या सोन्यासारखी.

वच्छला आली पाहायला.
निंदणाला तिच्यासारखी बाई नव्हती पंचक्रोशीत,
तिच्या ओळीत केना राहायचा नाही, कुंजरू राहायचा नाही.
चार वर्षं झाली, कुणी बोलवत नाही.
तिला शॅम्पूची चिमुकली बाटली दिली, एक शिंपला दिला,
मोबाइलात समुद्र दाखवला.
बॅनरवर तिचं बोट पडलं, फोटो मोठा झाला.
डब्याकडं तिनं बराच वेळ पाहिलं.

"म्हंजे मी निंदत राह्यली असती
त तुमचं हे जानं झालं नसतं नं, बाई?"

रागानं नाही. खरंच विचारत होती.
आत चहा उतू गेला. मी उठले.

परत आले तर डबी उघडी.
चिमूटभर वाळू तळहातावर घेऊन, थुंकी लावून,
ती अंगठ्यानं मळत होती,
पेरणीआधी माती पाहतात तशी.
"धरत नाही," ती म्हणाली. "कच्ची हाय अजून.
शिजाले लय दिस लागतीन."

आणि हात झटकला, आमच्याच ओट्याखाली.
सकाळी झाडताना मी रोज वाकून बघते.
कुठली कुठली, काही कळत नाही.