कानशिलापाशी

प्लेटलेट अठरा हजार.
म्हणजे कवटीला भोक पाडायचं नाही,
मणक्यातून पाणी काढायचं नाही.
आत काय चाललंय ते बाहेरूनच विचारायचं.

सिव्हिलचा आयसीयू, बेड सात :
श्रीहरी यन्नम, वय अकरा,
डेंग्यू, चौथ्या रात्री झटके, मग ही झोप.

मिटल्या पापणीवर गार जेल.
सायीला बोट लावावं तेवढाच भार देऊन
प्रोब टेकवते.
डोळ्याच्या गोळ्यामागे तीन मिलिमीटरवर
नस दिसते, काळा दोरा,
त्याचं आवरण मोजते.
सहा पूर्णांक दोन.
फुगलंय. मेंदू जागा मागतोय,
आणि कवटीत शेजार नसतो.

मग कानशील, जिथं हाड पातळ.
खरखर.
कोन बदलते. अजून खरखर.
आणि एकदम हूऽश, हूऽश :
ठोक्याला उसळणारं रक्त
आणि दोन ठोक्यांच्या मध्ये जवळजवळ काहीच नाही.
ते मधलं वाईट.
आवाजाला हुरळू नकोस, मी इंटर्नला सांगते,
मधली शांतता ऐक.

दाराशी त्याची आई, राजम्मा.
बोटांच्या टोकांना तंबाखूचा पिवळा रंग,
दिवसाला हजार विड्यांचा.
तिला कुठला निर्देशांक सांगू?
म्हटलं, डोक्यात दाब वाढलाय,
रक्ताला आत शिरायला जागा नाही.

ती म्हणाली,
"ठासून भरली की विडी ओढत न्हाई वो, डाक्टर.
मंधून वारा जायाला वाट पायजे."
थोड्या वेळानं :
"ढिली करता येती का?"

मी मान हलवली. कशी, ते आठवत नाही.

पलंगाचं डोकं तीस अंश वर. मान सरळ.
तीन टक्क्यांचं मिठाचं पाणी, सावकाश.
भवानी पेठेतल्या मागांची रात्रपाळी
इथवर ऐकू येत नाही.
ती म्हणते, येते.

पहाटे साडेतीनला पुन्हा कानशील.
यावेळी लगेच सापडलं.
तिनं विचारलं नव्हतं, तरी मी आवाज वाढवला,
जवळ बोलावलं.
ती वाकली, त्याच्या कानात तेलुगूत काही बोलली,
लांबलचक, रागावल्यासारखं.
मला तेलुगू येत नाही.
पडद्यावर दोन उसळ्यांच्या मध्ये
एक बारीक धार टिकून राहिली.
तिच्या बोलण्यानं नव्हे. मिठानं.
असं मी लिहिलं तरी आहे.

आवरण पाच पूर्णांक आठ.
अजून जास्तच.

सातला ड्यूटी संपली.
वहीत नोंद : दुपारी दोनला पुन्हा बघणे.
जेल संपत आलंय, मागवणे.